‘हौ का’ मधलं ‘का’

आमच्या ह्यांना नाही म्हणता येत नाही. लग्न ठरताना सासरच्यांनी हा गुण म्हणून सांगितला आणि मीही तो गुण म्हणूनच पदरात घेतला. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. सुट्टीची वेळ झाल्यावर कुणी सामान मागायला आलं तरी हे ‘हौ’ म्हणून कुलूप परत उघडायचे. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्यांच्या ह्या स्वभावाचं भरभरून कौतुक केलं, तेव्हाही हे खुर्चीत बसल्याबसल्या प्रत्येक वाक्याला ‘हौ, हौ’ म्हणत होते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या शहरात ‘हौ’ म्हणजे होय. पण नुसतं होय नाही. ऐकतोय, बरं, पुढं बोला, तुम्ही म्हणता तर असेल, आता पुरे करा, ह्या सगळ्यासाठी आमच्याकडं हा एकच शब्द आहे. मराठी बोलणारा तोच वापरतो आणि हिंदी बोलणाराही तोच. त्याला ‘का’ जोडलं की ‘हौ का?’ होतं, म्हणजे ‘असं का?’. ह्या एवढ्याशा ‘का’पायी आम्ही पुढं काही वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

तो फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. ह्यांना फोन स्पीकरवर टाकून बोलायची सवय आहे, त्यामुळं सगळं माझ्यासमोरच झालं. पलीकडच्या माणसानं ह्यांचं पूर्ण नाव घेतलं, वडलांसकट आडनावासकट, आणि विचारलं, “आपणच ना सर?”

“हौ.”

“सर, फायनान्समधून बोलतोय. तुमच्या डीजेचे हप्ते थकलेत.”

“हौ का?”

“हौ सर. व्याज धरून सव्वाचार लाख झालेत.”

“हौ का!”

“मग भरताय ना सर?”

“हौ, बघतो,” हे म्हणाले आणि फोन ठेवला.

आता ‘बघतो’ म्हणजे नाही, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. मुलीच्या स्थळाला ‘बघतो’ म्हटलं की दुसरं स्थळ शोधायला लागायचं असतं. उसने पैसे मागणाऱ्याला ‘बघतो’ म्हटलं की तो चहा संपवून उठतो. मी ह्यांना विचारलं, “कुणाचा डीजे?” तर म्हणाले, “असेल कुणाचा तरी. बिचाऱ्याला चुकीचा नंबर लागला.” मी म्हटलं, मग तसं सांगायचं ना त्याला. तर म्हणे, तो इतकं कळकळीनं बोलत होता, त्याला कशाला तोडायचं.

ह्यांच्या आयुष्यात डीजेशी आलेला संबंध म्हणजे कानात घालायचा कापूस. गारखेड्यात आमच्या घरामागं एक मोकळा प्लॉट आहे. तिथं हळदीचा मांडव पडला की हे खिडक्या लावून, डोक्यावर उशी घेऊन पडतात. एकदा तर पोलीस चौकीत तक्रार द्यायला गेले होते. तिथल्या हवालदारानं ‘बघतो’ म्हटल्यावर ‘हौ’ म्हणून परत आले. असा माणूस सव्वाचार लाखांच्या भोंग्यांचा धनी निघाला, तेव्हा मला आधी हसूच आलं.

झालं होतं ते एवढंच. मुकुंदवाडीत ह्यांच्या नावाचा एक तरणा गडी राहायचा. नाव तेच, वडलांचं नाव तेच, आणि आडनाव तर आमच्याकडं पोत्यानं मिळतं. त्यानं डीजेसाठी कर्ज काढलं, चार लग्नं वाजवली, आणि भोंगे घेऊन कुठं गेला ते कुणाला कळलं नाही. कंपनीनं नाव शोधलं आणि आमचं घर सापडलं. मी ह्यांना घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेले. जालना रोडवर काचेचं दार, आत गार हवा, आणि टेबलामागं फोनवर बोललेला तोच वसुली अधिकारी.

“मॅडम, सिस्टीममध्ये सरांचंच नाव येतंय.”

“नाव येऊ दे हो. कर्जाच्या अर्जावर फोटो असेल ना? तो बघा आणि ह्यांच्या तोंडाकडं बघा.”

“फोटो फाईलमध्ये असतो. फाईल हेड ऑफिसला आहे. सिस्टीममध्ये तोंड येत नाही, मॅडम.” मग तो ह्यांच्याकडं वळून समजुतीच्या सुरात म्हणाला, “आणि सर तर फोनवर कबूल झालेत.”

हे ‘हौ’ म्हणायच्या आत मी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर काढलं.

त्यानंतर मोटारसायकलवरून पोरं यायला लागली. फाटकाशी उभं राहायचं आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचं, ही त्यांची पद्धत. “अंकल, बाहर आओ! पैसा लिया तो देना पडता ना?” हे खरंच बाहेर जायचे आणि त्यांना पाणी विचारायचे. मी आतून ओरडायचे. समोरच्या गॅलरीत, शेजारच्या गच्चीवर बायका कपडे वाळत घालत असायच्या, आणि त्या दिवसांत आमच्या गल्लीत कपडे वाळायला फार वेळ लागायचा.

इथं मला भिशीच्या डब्याचं सांगितलं पाहिजे, कारण बाकीचं सगळं मी हसत सांगू शकते, तेवढं सोडून. आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी आहे. दर महिन्याला प्रत्येकीनं ठरलेली रक्कम द्यायची, चिठ्ठी उचलायची, जिचं नाव निघेल तिनं जमलेली सगळी रक्कम घ्यायची. वर थोडे पैसे बाजूला पडतात, ते कुणाच्या अडीनडीला. हे सगळं एका स्टीलच्या डब्यात असतं, आणि तो डबा भिशी सुरू झाल्यापासून माझ्याकडं होता. तो माझ्याच लाडवांचा डबा. कुणी मला निवडलं नव्हतं, कुणी ठराव केला नव्हता. पहिल्या महिन्यात एकीनं पैसे माझ्या हातात दिले आणि मग सगळ्यांनीच दिले. मी नोकरी केली नाही. माझ्या नावावर ना घर आहे ना गाडी. कुणी मला विचारलं असतं की बाई, आयुष्यात काय कमावलंस, तर मी कपाटातला तो डबा दाखवला असता.

आम्ही एका लग्नाला जालन्याला गेलो होतो, तेव्हा कोर्टाचा माणूस येऊन गेला. दाराला कुलूप बघून त्यानं समन्स दारावर डकवलं. परत आलो तेव्हा कागदाचे कोपरे बोटं लागून मळले होते, म्हणजे वाचन व्यवस्थित झालं होतं. कंपनीनं ह्यांच्यावर वसुलीचा दावा लावला होता. आणि दाव्यात लिहिलं होतं की प्रतिवादीनं दूरध्वनीवरून कर्ज मान्य केलं आहे.

दोन दिवसांनी समोरच्या वहिनी आल्या. वाटीत कैरीचं लोणचं आणलं होतं. बसल्या, पंख्याकडं बघितलं, ऊन लई झालं म्हणाल्या.

“वहिनी, तुमच्यामागं आता कोर्टकचेरी लागली,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला कशाला अजून भिशीचा ताप? डबा राहू द्या थोडे दिस माझ्याकडं.”

“मला काही ताप होत नाही,” मी म्हटलं.

“हौ, ते तर हायेच. पण सगळ्याच म्हनू लागल्या. तुमच्या काळजीनंच हां.”

मी उठले, डबा काढला, त्यांच्यासमोर पैसे मोजले आणि दिला. त्या नको नको म्हणत होत्या, पण शेवटच्या नोटेपर्यंत लक्ष ठेवून होत्या. त्या गेल्यावर मी कपाट तसंच उघडं ठेवून पलंगावर बसून रडले. सव्वाचार लाखांचा दावा लागला तेव्हा रडले नव्हते. हे दारात उभे राहिले आणि म्हणाले, “लोणचं चांगलं दिसतंय.”

त्याच दिवशी मी ठरवलं की मला नुसतं सुटायचं नाही. कोर्टानं लिहून द्यायला पाहिजे की दावा खोटा होता, आणि खोटेपणाची भरपाई कंपनीनं भरायला पाहिजे. तो कागद मी भिशीत नेईन आणि डबा परत घरी येईल, असं माझं साधं गणित होतं.

अदालत रोडला एका वकीलबाईंचं नाव कळलं होतं. आमच्या मुलीच्या वयाची पोरगी, पण नजर कडक. त्यांनी फी सांगितली. हे ‘हौ’ म्हणाले, म्हणून मला ताबडतोब घासाघीस सुरू करावी लागली. मग मी माझं मागणं सांगितलं: वकिलाची फी, जाण्यायेण्याचा खर्च आणि भरपाई.

“मागू, काकू,” वकीलबाई म्हणाल्या. “पहिल्याच कैफियतीत मागू. खोटा आणि त्रास द्यायला लावलेला दावा असेल तर भरपाईचं कलम आहे.”

“किती मिळते?”

“जास्तीत जास्त तीन हजार.”

“दर तारखेला?”

“सगळ्याचे मिळून.”

मला वाटलं थट्टा करतात. पण कलम काढून दाखवलं. ते लिहिलं गेलं तेव्हा तीन हजारांत एखादं शेत येत असेल, पण पुढं ती रक्कम वाढवायचं कुणाच्या मनात आलेलं दिसत नव्हतं. वकिलाची फीसुद्धा सरकारी कोष्टकाप्रमाणं मिळणार होती, आणि त्या कोष्टकातला वकील बहुतेक सायकलवरून कोर्टात येत असावा. मग अब्रूनुकसानीचं काय, मी विचारलं. त्याला वेगळा दावा लावावा लागतो, त्या म्हणाल्या. त्यात आपली अब्रू किती रुपयांची ते आपणच सांगायचं, आणि जेवढी सांगू त्या हिशेबानं कोर्ट फी आधी भरायची. म्हणजे स्वस्तातली अब्रू सांगितली तर परवडते. मी म्हटलं, राहू द्या, तीन हजारांचंच बघा, पण तो ‘खोटा’ शब्द मला पाहिजे.

तारखांचं मी सांगत बसत नाही. ज्यांना कोर्ट माहीत आहे त्यांना ते ठाऊक आहे आणि ज्यांना माहीत नाही त्यांना खरं वाटणार नाही. एकदा साहेब रजेवर, एकदा वकील आजारी, एकदा फाईल सापडत नाही. ह्या काळात त्या मुकुंदवाडीच्या गड्याचा एकदा फोन आला. मुकुंदवाडीतल्या कुणाकडून तरी त्याला दाव्याचं कळलं होतं. “काका, हात जोडतो, कोर्टात माझं नाव नका घेऊ,” तो म्हणाला. आमचे हे आयुष्यात पहिल्यांदा अडखळले, कारण त्याचं नाव न घ्यायचं तर स्वतःचंही घेता येत नव्हतं. मग त्यानं आमच्या घरच्या लग्नकार्यात फुकट डीजे लावायचं कबूल केलं. फोन कुठून केला ते विचारायच्या आत त्यानं ठेवला, आणि परत लावला तर नंबर बंद.

अखेर हेड ऑफिसातून फाईल आली. अर्जावरचा फोटो एका मिशीवाल्या, दाट केसांच्या पोराचा होता. आमच्या ह्यांच्या डोक्यावर मी लग्नापासून केस बघितलेले नाहीत. कंपनीच्या वकिलांनी फोटो बघितला, ह्यांच्याकडं बघितलं आणि मला व्हरांड्यात गाठलं.

“ताई, दावा काढून घेतो आम्ही. तुम्ही पण खर्चाचं सोडून द्या. मिटवून टाकू.”

माझ्यामागून ह्यांचा ‘हौ’ निघाला होता, पण मी तो अर्ध्यातच अडवला. “नाही,” मी म्हटलं. इतक्या मोठ्यानं म्हटलं की व्हरांड्यातल्या दुसऱ्या पक्षकारांनी माना वळवल्या. मग कंपनीच्या वकिलांनाही चेव चढला. फोटोचं काय ते असो, म्हणाले, पण तुमच्या मिस्टरांनी फोनवर कबुली दिली, म्हणून आम्ही सद्भावनेनं दावा लावला. सद्भावना सिद्ध झाली तर भरपाई नाही. म्हणजे माझा ‘खोटा’ शब्द, माझे तीन हजार, माझा डबा, सगळं ह्यांच्या त्या ‘हौ’वर येऊन टेकलं.

वसुली अधिकाऱ्याच्या उलटतपासणीच्या दिवशी मी पहिल्या बाकावर बसले होते. कोर्टात उकाडा असा की पंखा नुसता आवाज करत होता. अधिकारी इस्त्रीचा शर्ट घालून पिंजऱ्यात उभा राहिला. वकीलबाईंनी फार गोड सुरुवात केली.

“तुम्ही इथलेच का?”

“हौ.”

“ह्या काकांशी फोनवर तुम्हीच बोललात?”

“हौ.”

“काय उकडतंय आज.”

“हौ ना.”

कंपनीचे वकील उठले, हवामानाचा दाव्याशी काय संबंध म्हणाले. टाईप करणाऱ्या बाईंनी मान वर केली. “साहेब, ‘हौ’ लिहू का ‘होय’ लिहू?”

“बोलले तेच लिहा,” न्यायाधीश म्हणाले.

वकीलबाई तशाच गोड आवाजात पुढं गेल्या, जराही न थांबता. “तर हे काका आणि काकू तुमच्या ऑफिसात आले होते.”

“हौ.”

“त्यांनी फोटो बघा म्हणून सांगितलं.”

“हौ.”

“तुम्ही बघितला नाही, माणूस चुकीचा आहे हे तुम्हाला समजलं होतं, तरी वसुलीचा आकडा दाखवायला म्हणून तुम्ही हा खोटा दावा लावला.”

“हौ...” तो म्हणाला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. “नाय! नाय नाय, साहेब. तसं नाय. मी नुसतं ऐकू लागलो होतो.”

“मग ‘हौ’ कशाला म्हणालात?”

“ते काय, आपल्याकडं म्हनतातच ना मॅडम, समोरचा बोलत असला की. म्हनून काय सगळं कबूल झालं का?”

“तेच विचारतेय मी,” वकीलबाई म्हणाल्या. “‘हौ’ म्हणजे कबूल नाही?”

त्यानं आपल्या वकिलांकडं बघितलं. वकील खिडकीकडं बघत होते.

“नाय,” तो म्हणाला.

मग ते फोनवरचं बोलणं कोर्टात वाजवलं. ह्यांचा आवाज त्या दालनात भरला, तोच स्वयंपाकघरातला, गरीब, कुणाला न दुखवणारा. “हौ का?” कंपनीनं दिलेल्या इंग्रजी भाषांतरात तिथं नुसतं ‘येस’ होतं. वकीलबाईंनी विचारलं, “ह्यातलं ‘का’ कुठं गेलं?” अधिकारी म्हणाला, भाषांतरात राहून गेलं असंल. ‘बघतो’चं तर ‘व्यवस्था करतो’ अशा अर्थाचं इंग्रजी झालं होतं. त्यावर कंपनीचे वकील काही समजावून सांगायला उठले, तेव्हा न्यायाधीशांनी त्यांना हातानं बसवलं. “‘बघतो’ म्हणजे काय ते मला सांगू नका,” ते म्हणाले. “मलाही भावकी आहे.”

मी ह्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. उभ्या आयुष्याची खोड अशी भर कोर्टात तपासली जात होती, आणि तिच्यावरच आम्ही जिंकत होतो. मला त्यांची फार माया आली. तसं बोलून मात्र दाखवलं नाही, कारण ते ‘हौ’ म्हणाले असते.

निकाल लागला. दावा खोटा आणि त्रासदायक म्हणून खर्चासह फेटाळला. भरपाई तीन हजार, वर कोष्टकातल्या सायकलवाल्या वकिलाची फी आणि किरकोळ खर्च. एवढ्यात आमच्या वकीलबाईंची निम्मी फीसुद्धा निघत नव्हती. पण मी सही-शिक्क्याची नक्कल काढली, आणि रिक्षात बसून तो ‘खोटा’ शब्द परत परत वाचला.

कंपनीनं अर्थातच पैसे भरले नाहीत. ज्यांचं सगळं दुकान दुसऱ्यांनी वेळेत भरण्यावर चाललेलं, त्यांना आमची रक्कम भरायला सवड होईना. म्हणून वसुलीची दरखास्त लावली. तिच्यात कंपनीच्या नावापुढं ‘ऋणको’ असं छापलेलं बघून माझा सगळा शीण गेला. जप्तीचं वॉरंट निघालं, आणि बेलीफ मला घेऊन जालना रोडच्या त्या ऑफिसात आला. दाराशी वॉरंटावरचा आमचा पत्ता वाचून म्हणाला, “बाई, तुमच्याच दारावर कागद डकवला होता ना मी?” मी हो म्हटलं. “चला मग,” तो म्हणाला, जणू आमचं जुनं नातं होतं.

काचेच्या दारातून आत गेलो. कर्ज मागायला आलेली माणसं ओळीनं बसली होती. फाटकाशी ओरडणाऱ्यांतली दोन पोरं कोपऱ्यात मोबाईल बघत होती. अधिकारी उठला.

“बसा ना मॅडम, चहा मागवतो. पेमेंटचं हेड ऑफिसला मेल टाकलाय.”

“मेल ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं,” बेलीफ म्हणाला. “बाई, काय उचलायचं सांगा.”

मी त्या गार हवेच्या यंत्राकडं बघितलं, पाण्याच्या मशीनकडं बघितलं. मग अधिकाऱ्याच्या फिरत्या खुर्चीवर बोट ठेवलं. आणि मला जे इतके दिवस करायचं होतं ते मी केलं. ओळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या दोन पोरांकडं बघून म्हणाले, “पैसा लिया नहीं तो भी हमने सुना. अब तुम्हारा निकला है, तो देना पडता ना?” माझं हिंदी फारसं चांगलं नाही, पण त्या दिवशी ते बरं जमलं. ओळीतली एक बाई हसली. खुर्ची दारापर्यंत गेली होती, तेवढ्यात आतून रोख पैसे आले. बेलीफनं पावती फाडली आणि खुर्ची जिथल्या तिथं ठेवली. त्यानं चहा मात्र घेतला.

कोर्टात पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या नाझराकडून ते पैसे हातात आले त्याच महिन्यात भिशी समोरच्या वहिनींकडं होती. मी ठेवणीतली साडी नेसले. निकालाची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत घातली. हे म्हणाले, “डब्याला जागा करून ठेवू का कपाटात?” मी म्हटलं, ठेवा. निघाले तेव्हा ते खरंच वरच्या फळीवरून पापडाचे डबे काढत होते.

वहिनींच्या हॉलमध्ये सगळ्या जमल्या होत्या. डबा टीव्हीशेजारी होता. त्याच्यावर आता क्रोशाचा रुमाल घातलेला होता, माझ्याकडं असताना त्याला कधी रुमाल नव्हता. पोहे आले. मी पोहे बाजूला ठेवले आणि कागद काढला. कोर्टाची भाषा अवघड, म्हणून सावकाश वाचलं. ‘खोटा’ आणि ‘त्रासदायक’ हे शब्द दोनदा वाचले. कंपनीनं भरपाई भरली तेही सांगितलं.

“हौ ना,” एक जण म्हणाली.

“हौ, आम्हाला तर ठाऊकच होतं.”

“हौ हौ. तुमच्यासारख्यांवर कोण इस्वास नाय ठेवायचा?” वहिनी म्हणाल्या. त्यांनी माझा हातही दाबला. “खा ना, पोहे गार व्हायलेत.”

मी वाट बघत बसले. चिठ्ठ्या निघाल्या, पैसे मोजले गेले, जिचं नाव आलं तिला सगळ्यांनी टाळ्या दिल्या. उरलेले पैसे वहिनींनी डब्यात टाकले, झाकण लावलं आणि वर रुमाल नीट पसरला. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. सगळ्या माझ्याशी गोड बोलत होत्या, आणि प्रत्येक वाक्याला ‘हौ’ म्हणत होत्या. ते ‘हौ’ कसलं होतं ते मला लगेच कळलं. आमच्याच वकीलबाईंनी भर कोर्टात ते सिद्ध केलं होतं, आणि त्याची सही-शिक्क्याची नक्कल माझ्या मांडीवर होती.

घरी आले. हे दारातच उभे होते. त्यांच्यामागं कपाटाची वरची फळी पुसून रिकामी केलेली दिसत होती.

“वाचून दाखवलंस का सगळं?”

“हौ,” मी म्हटलं.

“मग, पटलं का त्यांना?”

“हौ.”

त्यांनी माझ्याकडं एकवार बघितलं. तो शब्द त्यांच्याइतका कुणी वापरला नसेल, त्यांना कोर्टात जाऊन त्याचा अर्थ विचारायची गरज नव्हती. मग ते आत गेले आणि पापडाचे डबे परत फळीवर ठेवायला लागले.